तुझे मासे तयार आहेत

२० नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून तू दचकला असशील, म्हणून आधी तेच सांगून टाकते: बाबा आहेत, घरी आहेत. वहिनी आणि तू बरे असाल असं धरून चालते. मीही बरी.

आई गेली तेव्हा तुला कळवलं होतं, त्यानंतर सहा वर्षांनी हे पहिलं पत्र. फोन करता आला असता. पण फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळी होते, जिभेला तसं वळणच पडलं आहे. कागदावर खोटं लिहिलं तर पाकीट बंद करण्याआधी ते पुन्हा वाचावं लागतं.

या महिन्याच्या सुरुवातीला बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते. हृदयाची एक झडप झिजली आहे. वय बघता कापाकापी नको असं डॉक्टरांचं मत पडलं. किती दिवस म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, महिन्यांत मोजा. बाबांना मी एवढंच सांगितलं की आता जिने चढायचे नाहीत. ते म्हणाले, “घड्याळ बंद पडायच्या आधी मागे पडायला लागतं. मला शिकवू नकोस.” म्हणजे कळलंच आहे त्यांना.

डोळ्यांचं तुला माहीत नसेल. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. घड्याळांचं दुकान त्यामुळेच बंद केलं, त्याला तीन वर्षं झाली. काही बघायचं असेल तर त्यांना त्या वस्तूवरून नजर काढून दुसरीकडे बघावं लागतं. माझ्याशी बोलताना ते भिंतीकडे तोंड करून बसतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा रुसला आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांना पिल्लांसाठी वेगळी टाकी हवी आहे. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे काढलं.

तुझ्या काळ्या माशांचा वंश त्यांनी आजवर तुटू दिला नाही, हे तुला ठाऊक आहे की नाही मला कल्पना नाही. तू कॉलेजातून बरणीत घालून आणलेली ती गप्पींची जोडी, काळं अंग आणि शेपटीला गंधकासारखी पिवळी कड. तिचीच पुढची पिढी, तिच्या पुढची, असं करत तू गेल्यानंतरची एकोणीस वर्षं झाली. कड फिकी पडलेला नर ते लगेच बाजूला काढत. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की दुकानातलं भिंग डोळ्याला लावून नर आणि माद्या वेगळ्या करत. पुढे भिंग माझ्या डोळ्याला आलं. बादल्या आधीपासूनच माझ्याकडे होत्या. तुझं नाव मात्र निघत नाही. ते त्यांना नुसतं ‘काळे’ म्हणतात.

माळ्यावरची दोन फुटी टाकी मी खाली काढली, पाणी भरून दोन दिवस बाल्कनीत ठेवली, एका कोपऱ्यातून झिरपत होती ती सांधली. तळाला वाळू घातली नाही. उरलेलं खाणं वाळूत दडतं आणि सडतं. मोटारीचा फिल्टर नाही, कारण तो पिल्लं ओढून घेतो. हवेच्या पंपावरचा साधा स्पंज, तोही आधी मोठ्या टाकीत ठेवून मुरवलेला. वर तरंगतं शेवाळ, दाट, पिल्लांना लपता येईल असं. कुणापासून, तर आईपासून. ही मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडते, आणि मागे वळून त्यांनाच खाते. तुला हे सगळं पाठ असेल. मी माझ्यासाठी लिहिते आहे. लिहिल्याशिवाय मला कुठलंच काम पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

टाकीखालचा पाट एका बाजूला कलत होता. बाबा म्हणाले, दुकानाची कार्डं घाल. आठवतात ती? माझं अक्षर बरं म्हणून मी आठवीत असल्यापासून लिहायचे: ‘आपले घड्याळ तयार आहे. सवडीने येऊन घेऊन जावे.’ कोरी कार्डं अजून अडीचशेच्या वर निघाली. त्यातला एक गठ्ठा पाटाखाली गेला आणि पाणी सपाट झालं. मग बाबांनी काचेला गाल लावला आणि म्हणाले, अर्धा अंश कमी आहे. मी थर्मामीटर बघितला. खरंच अर्धा कमी होता. वर मलाच विचारतात, “पाण्याच्या प्रयोगशाळेत तुला पगार कशाचा देतात?”

दवाखान्याच्या त्या दिवसांत टाकीतले काही मासे गेले. नर एकच उरला आहे, माद्या चार. म्हणून बाबांना घाई.

एक विचारायचं आहे. तू घर सोडून गेलास त्या दिवशी बाबा ओरडले होते, जातोस तर तुझे मासेही घेऊन जा. तू कॉफीच्या बरणीत काही घेऊन गेलास, मी जिन्यातून बघितलं होतं. त्यांचं पुढे काय झालं? तुझ्याकडे अजून काळे आहेत का? असतील तर उलट टपाली कळव. का, ते नंतर लिहीन.

सही करताना जरा अडखळले. तुझ्या मागे मागे फिरायचे म्हणून तू मला जे म्हणायचास तेच लिहिते. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला शोभत नाही, पण दुसरं काही लिहिलं तर तू ओळखणार नाहीस.

तुझं
शेपूट


१९ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण लगेच लिहिल्यास. बरणीतले तिन्ही मासे दुसऱ्याच दिवशी बोटीवर चढायच्या आधी मेले, झाकणाला भोकं पाडायची राहिली होती, हे वाचलं. एकोणीस वर्षं मी मनात तुझ्या खोलीत एक टाकी ठेवली होती. तिच्यात मधूनमधून नवी झाडंही लावली होती.

शेवटच्या ओळीत तू विचारलंस, ‘काही मासे म्हणजे किती?’ तू पहिल्यापासून बरोबर तिथेच बोट ठेवतोस.

सगळे. एक्केचाळीस. एक नर सोडून सगळे. तो वाचला, कारण दुसऱ्या नरांनी त्याचे पंख कुरतडले होते म्हणून बाबांनी त्याला खिडकीतल्या बरणीत वेगळं ठेवलं होतं आणि त्या बरणीचं पाणी मी बदललं नव्हतं.

टाकीचं बदललं होतं. कसं झालं ते सांगते. बाबा नेहमी नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवत. क्लोरीन उडून जातो आणि पाणी माशांना चालतं. पण या एक नोव्हेंबरपासून आमच्या जलशुद्धीकरण केंद्राने क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात केली. लांबच्या नळांपर्यंत ते टिकतं. आणि टिकतं म्हणजे बादलीतही टिकतं. एक दिवस ठेवा की चार दिवस, उडत नाही. मासे पाळणाऱ्यांनी ते मारायचे थेंब घातल्याशिवाय हे पाणी वापरू नये अशी सूचना निघाली. दवाखान्यांना गेली, मत्स्यबीज केंद्रांना गेली, मासे विकणाऱ्या दुकानांना गेली. ती सूचना मी टाइप केली होती. खाली माझी सही आहे. आणि सहा नोव्हेंबरला मी घरी येऊन बाबांच्या पद्धतीने बादलीत ठेवलेलं पाणी अर्धी टाकी भरून ओतलं. सकाळी मासे वर तरंगत होते. अशी चूक करायला पाण्याच्या प्रयोगशाळेतलीच बाई लागते.

मी त्यांना मोजलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि दवाखान्यात डबा घेऊन गेले. बाबांनी विचारलं, काळे? मी म्हणाले, ठीक.

मग पाळीव माशांच्या दुकानातून चार माद्या आणल्या. बाबा त्या दुकानदार बाईला मासेवाली म्हणतात आणि ती दर वेळी म्हणते, “आजोबा, माझे मासे कुणी तळत नाही हो.” गप्पीच्या माद्या सगळ्या सारख्याच, करड्या, रंग नावाला नाही. भिंग लावूनही मी ओळखल्या नसत्या. तो नर त्यांच्यात सोडला. बाबा घरी आले तेव्हा सांगितलं, नर गेले, माद्या वाचल्या. त्यांना ते पटलं. नर नाजूक असतात, म्हणाले.

माझा हिशेब असा होता: बाप तर आपलाच आहे. निम्मे तरी तुझे काळे निघतील.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक मादी फुगली. बाबा टाकीला कान लावल्यासारखे बसायचे, चेहरा दाराकडे, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला बघायचे. पोट गोल असेतो थांब, म्हणाले, खोक्यासारखं चौकोनी दिसलं की हलव. मागच्या बाजूचा डाग काळाभोर झाला की एक दिवस. मी ग्लासात धरून तिला नव्या टाकीत सोडलं, जाळी वापरली नाही, जाळीने घाबरून त्या अर्धवट पिल्लं टाकतात. अकरा तारखेला सकाळी ती शेवाळाखाली एका जागी थरथरत होती. एकेक पिल्लू गुंडाळलेल्या टाचणीसारखं पडायचं, क्षणभर बुडायचं, आणि मग उलगडून पोहायला लागायचं. एक तिने माझ्या देखत गिळलं. तिला काढून मोठ्या टाकीत परत सोडलं. सव्वीस राहिली.

“किती?” बाबांनी विचारलं. मी सांगितलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “या विणीला कड नीट आली की त्याला कळवू.”

कुणाला, असं मी विचारलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुला कळवायची गोष्ट काढली. मला वाटतं ते प्रत्येक विणीला मनात हेच म्हणत आले असावेत, आणि प्रत्येक विणीत त्यांना काहीतरी खोट दिसली असावी. कधी कड तुटक, कधी काळा रंग पोटाशी फिका. आता ते म्हणतात, उन्नीस-बीस चालेल. हे बाबा म्हणतात. तुला आठवतं ना, सेकंदकाटा अर्धा सेकंद चुकतो म्हणून त्यांनी एका गिऱ्हाइकाला तीनदा परत पाठवलं होतं.

दिवसातून पाच वेळा खाणं. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून, डोळ्यात घालायच्या ड्रॉपरने दोन थेंब. नंतर अर्ध्या तासाने तळ पुसून घ्यायचा. मी ऑफिसातून दुपारी घरी येऊन जाते. बाबा सकाळची आणि संध्याकाळची पाळी स्वतः करतात. त्यांना पिल्लं दिसत नाहीत, पण थेंब पडला की पाण्यावर जे हलतं ते कळतं म्हणतात.

वर एक ओळ खोडलेली आहे, आणि ती वाचता येते आहे, याची मला कल्पना आहे. ही प्रयोगशाळेची सवय. नोंदवहीत चुकीचा आकडा गिरगटायचा नसतो. एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खोडलेली ओळ अशी होती: ‘बाबांना मी सगळं सांगितलं आहे.’ नाही सांगितलं.

तू काही पाठवू नकोस. फक्त वाचून ठेव.

तुझं
शेपूट


२७ जानेवारी

प्रिय दादा,

पुढच्या ओळी बाबांच्या आहेत. त्यांनी सांगितल्या तशा उतरवल्या.

‘तुझे मासे तयार आहेत. सवडीने येऊन घेऊन जावे. लवकर आल्यास बरे.’

शेवटचं वाक्य त्यांनी मी पेन खाली ठेवल्यावर सांगितलं. कार्डावर लिही म्हणाले, पाटाखालचं एक काढ. मी म्हटलं, टाकी कलेल. ते हसले. मग पत्रातच लिही, पण माझ्या ओळी वर.

आता माझं. ते दुपारचे झोपले आहेत.

पिल्लांना रंग आले. पाचव्या आठवड्यात नरांच्या शेपट्या उमलायला लागल्या आणि रोज सकाळी मी चहा ठेवायच्या आधी टाकीशी जाऊन बसायची. पहिल्याला तांबडी शेपटी. दुसऱ्याला निळे ठिपके. एकाच्या अंगावर सापासारखी जाळी. अकरा नर, आणि त्यांत एकही काळा नाही. निम्मा नाही, पाव नाही. मी मासेवालीकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी तिच्या दुकानात पहिल्यांदाच मासा बघते आहे. गप्पीची मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढचे कितीतरी महिने त्याचं बीज पोटात राखून ठेवते. नर नंतर मेला तरी पिल्लं त्याचीच होत राहतात. माझ्या दुकानातल्या टाकीत पन्नास नर होते, ती म्हणाली, त्यातल्या कुणाकुणाची आहेत ते मला विचारू नका.

म्हणून बाबा तीन आठवड्यांना नर-मादी वेगळं करत. मी अनेक वर्षं भिंग लावून ते काम केलं आणि ते कशासाठी हे कधी विचारलं नाही. तुला माहीत असणार. बाबांना तर माहीत होतंच, फक्त त्यांनी बाजारातली मादी घरात कधी आणलीच नव्हती, त्यामुळे सांगायची वेळ आली नाही.

ते रोज विचारत होते, “कड?” मी म्हणत होते, अजून नाही. मग म्हणाले, आता यायला हवी, नीट बघ. मी म्हणाले, थोडी दिसते आहे. कुठल्या बाजूने? वरून. मग मला रोज थोडी थोडी कड वाढवावी लागली. काल म्हणाले, पूर्ण आली? मी हो म्हणाले. तुटक तर नाही? नाही. ते उठून बाहेरच्या खोलीत गेले, दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि खुर्चीत बसून म्हणाले, “घे लिहायला.”

मी कालपासून असं ठरवून होते की बाबांच्या ओळी तुला पाठवायच्या आणि गप्प बसायचं. तू येशील. तू त्या टाकीसमोर उभा राहशील, ते भिंतीकडे तोंड करून विचारतील, कड कशी आहे, आणि ते उत्तर तुला द्यावं लागेल. तू ‘छान’ म्हणशील. दयाळू आहेस. म्हणजे माझं खोटं तुझ्या तोंडून खरं झालं असतं, आणि एकोणीस वर्षांनी तू या घरात पहिला शब्द बोलला असतास तो माझ्यासाठी खोटा. ते मला करवलं नाही. करवलं नाही असं म्हणते, पण पाकीट कालच आणून ठेवलं होतं.

अजून एक राहिलं आहे. मागच्या पत्रात मी ती चूक म्हणून लिहिली. मी तुला एकेक आकडा दिला, तारखा दिल्या, केंद्राची सूचना सांगितली, आणि एवढ्या तपशिलात एक गोष्ट वगळली.

सहा नोव्हेंबरला दुपारी डॉक्टर शस्त्रक्रियेबद्दल बोलून गेले. त्यानंतर बाबांनी मला खाटेजवळ बोलावलं. म्हणाले, टाकी त्याची आहे, मी नुसती सांभाळत होतो, तो आला की त्याची त्याला देऊन टाक. मी म्हटलं, आणि मी? चेष्टेतच म्हटलं, दादा, खरंच चेष्टेत. ते म्हणाले, “तुझं काय, तू आहेसच.”

वाईट हेतूने म्हणाले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती कौतुकाचीच गोष्ट असेल. पण मी बसमध्ये उभ्याने घरी येताना ते चार शब्द मोजत होते. एकोणीस वर्षं बादल्या मी उचलल्या. आईचं सगळं मी केलं. मला दोनदा बदली आली, दोनदा बढतीसह, आणि मी नाकारली. कुणी नाकारायला सांगितलं नव्हतं, हेही खरं. घरी आले, टाकीचं पाणी गढूळ झालं होतं, बादल्या भरलेल्या होत्या, ओतल्या.

जेवण करून साडेआठला डायरी लिहिली. मी रोज लिहिते. त्या दिवशीची नोंद मी या तीन महिन्यांत बऱ्याचदा उघडून बघितली आहे आणि ती बदललेली नाही. ‘बाबांचा ताप उतरला. डॉ. शस्त्रक्रिया नको म्हणतात. टाकीचं पाणी अर्धं बदललं. थेंब घातले नाहीत.’

थेंबांची बाटली माझ्या ऑफिसच्या पिशवीत होती. पिशवी खुर्चीला लटकली होती. त्याच खुर्चीत बसून मी लिहीत होते. मासे तेव्हा जिवंत होते, थोडे वर येऊन श्वास घेत असतील, मी वळून बघितलं नाही. उठून दहा थेंब टाकले असते तर बहुतेक वाचले असते. मी डायरी मिटली, दिवा मालवला.

विसरले असते तर लिहिलं नसतं. आठवलं होतं तर उठले का नाही? दमले होते, हे एक उत्तर आहे. दिवसभर दवाखान्यात होते. सकाळी घालू असं वाटलं असेल. असेल, म्हणते, कारण वाटल्याचं मला आठवत नाही. मासे मरावेत असं मला वाटलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या तऱ्हांनी विचारला आहे की आता कुठलंही उत्तर आलं तरी ते मी तयार केलेलं वाटतं. माझ्याकडे नोंद आहे, पुरावा आहे, आणि हेतू काय होता ते मला सांगता येत नाही.

बाबांना सवय आहे, कुठलंही पत्र पाकिटात जायच्या आधी ते वाचून घेतात. आधीची दोन मी त्यांच्या नकळत टाकली. हे उठल्यावर वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून. त्यांचं हृदय अशा अवस्थेत असताना सांगावं की नाही, यावर मी खूप विचार केला. न सांगण्याची कारणं मला इतकी भराभर सुचत होती की मला त्यांचाच संशय आला.


३० जानेवारी

वाचून दाखवलं, सत्तावीसलाच, चहानंतर. मध्ये त्यांनी एकदाही थांबवलं नाही. ‘तू आहेसच’ या जागी माझा आवाज गेला, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. त्यांना तो दिसत नव्हता, चाचपून सरकवला.

संपल्यावर म्हणाले, “खिडकीतला नर आहे ना?”

“आहे.”

“डायरी आण. वाच.”

मी ती नोंद वाचली. चार वाक्यं. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, “माझ्या ओळी खोड. तयार नसलेली वस्तू तयार आहे म्हणून मी कधी कुणाला कळवलं नाही.”

मी म्हणाले, बाबा, तो माशांसाठी येणारच नाहीये, तो आला तर तुमच्यासाठी येईल. मी हात जोडून म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं. आता दादा, हल्ली त्यांना कुणाकडे बघायचं असलं तरी ते तोंड फिरवतात. त्यामुळे ते माझ्याकडे पाठ करत होते की मला बघत होते, हे मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून बोललेले नाहीत. जेवतात. औषध हातावर ठेवलं की घेतात. पिल्लांची सकाळ-संध्याकाळची पाळी त्यांनी सोडलेली नाही. ड्रॉपर हातात धरून त्या तांबड्या-निळ्यांना थेंब घालतात, आणि पाण्यावर हललेलं बघायला दाराकडे तोंड करतात. काल त्या खिडकीतल्या नराला मी माद्यांमधून काढून पुन्हा एका मोठ्या बरणीत हलवलं. तो आता म्हातारा आहे. त्याच्या जोगती मादी कुठेच नाही.

काल रात्री त्यांना दम लागला. डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात न्यायचं का विचारलं तर बाबांनी मानेनेच नाही म्हटलं. महिने म्हणाले होते ते डॉक्टर आता आठवडे म्हणत आहेत.

हे पत्र मी आज टपालात टाकते आहे. वर बाबांच्या ओळी आहेत, त्या त्यांनी सांगितल्याप्रमाणे खोडल्या आहेत. एकच रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. शेजारी सही आणि तारीख आहे, दोन्ही माझ्या.

शेपूट